आईने सोसलेला वंशभेद आणि बाळाची झोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावरचं बहुतेक संशोधन अमेरिकेत, तिथल्या कृष्णवर्णीय, लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) आणि आशियाई मातांवर झालेलं आहे. त्यामुळे उत्तरंही मुख्यतः तिथली आहेत. अमेरिकेत बाळंतपण झालेल्या मराठी घरांतून येणारे प्रश्न त्यातच मिसळले आहेत. हातात बाळ असेल आणि वेळ नसेल, तर आधी प्र. ७ वाचा. बाकीचं सवडीने वाचलं तरी चालेल.

१. आईला रंगावरून कुणी वाईट वागवलं, तर त्याने बाळाची झोप कशी कमी होईल? जरा ओढूनताणून नाही वाटत?

ऐकताना वाटतं खरं. पण मॅसॅच्युसेट्सच्या पूर्व भागात ‘प्रोजेक्ट व्हिवा’ नावाचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास आहे. त्यात १९९९ ते २००२ या काळात गरोदर स्त्रियांची नोंदणी झाली. त्यातल्या गोऱ्या नसलेल्या स्त्रियांना गरोदरपणातच विचारलं गेलं की आजवर शाळेत, नोकरीत, घर शोधताना, दवाखान्यात, पोलिसांकडून वंशावरून भेदभाव झाला का. पुढे बाळ ६ महिन्यांचं, १ वर्षाचं आणि २ वर्षांचं असताना त्याच्या झोपेची चौकशी झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असं दिसलं की तीन किंवा अधिक ठिकाणी भेदभाव सोसलेल्या आयांची बाळं, अजिबात न सोसलेल्या आयांच्या बाळांपेक्षा चोवीस तासांत कमी झोपत होती. हा फरक सहाव्या महिन्यात सर्वांत ठळक होता.

इथे प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. भेदभावाचा प्रश्न बाळ जन्मायच्या आधी विचारला होता. त्यामुळे ‘बाळ रात्रभर रडतं म्हणून आई वैतागली आणि तिला जुने अपमान आठवले’ असा आक्षेप टिकत नाही. दुसरे आक्षेप आहेत, ते प्र. ११ मध्ये.

२. अपमान मोजता येतो? कुणाला काय लागेल याचा काय नेम?

म्हणूनच ‘तुम्हाला वाईट वाटलं का’ असं विचारत नाहीत. काय घडलं ते विचारतात. दोन प्रश्नावल्या सर्वांत जास्त वापरल्या जातात. हार्वर्डच्या नॅन्सी क्रीगर यांची प्रश्नावली ठिकाणं विचारते: शाळा, नोकरी मिळवताना, कामावर, घर, औषधोपचार, दुकान किंवा हॉटेल, बँकेचं कर्ज, रस्ता, पोलीस-कचेरी. डेव्हिड विल्यम्स यांनी १९९७ मध्ये मांडलेली दुसरी प्रश्नावली रोजच्या बारीकसारीक गोष्टी विचारते. इतरांपेक्षा कमी आदराने बोलतात का, दुकानात नीट दाद देत नाहीत का, तुम्ही हुशार नसाल असं गृहीत धरतात का, तुम्हाला घाबरतात का. उत्तरही ‘जवळजवळ रोज’पासून ‘कधीच नाही’पर्यंत वारंवारतेत द्यायचं.

याला जोडून सावधपणाची वेगळी प्रश्नावली आहे. घरातून निघण्यापूर्वी अपमानाची मनाशी तयारी करता का? नीट सेवा मिळावी म्हणून कपड्यांची मुद्दाम काळजी घेता का? झोपेच्या दृष्टीने आमच्या मते हीच सगळ्यात कामाची, कारण दिवसभर कान टवकारून वावरलेलं शरीर रात्री दहाला सांगितलं म्हणून सैल पडत नाही.

३. मग हा ताण बाळापर्यंत पोचतो कोणत्या वाटेने?

एकाच नाही, चार वाटांनी तरी.

पहिली गरोदरपणातली. ताणात आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. वारेत एक विकर असतं, ते त्यातलं बरंचसं निष्क्रिय करून बाळाला वाचवतं. ताण दीर्घकाळ राहिला की हा बंदोबस्त ढिला पडतो. १९९२ मध्ये संशोधक आर्लीन जेरोनिमस यांनी मांडलं की सततच्या सोसण्याने कृष्णवर्णीय स्त्रियांचं शरीर वयाआधी झिजतं. त्यांच्या आकडेवारीत गोऱ्या स्त्रियांची बाळं आई विशीत असताना सर्वांत सुखरूप होती, कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मात्र किशोरवयीन आयांपेक्षा विशीतल्या आयांच्या नवजात बाळांचे मृत्यू जास्त होते.

दुसरी वाट आईच्या स्वतःच्या झोपेची. जी रात्री दोनला उगाच जागी होते, ती बाळाच्या प्रत्येक हुंकाराला उठते. तान्ही बाळं झोपेत कण्हतात, हातपाय झाडतात, डोळेही उघडतात. लगेच उचललं की जे बाळ अर्ध्या मिनिटात परत झोपलं असतं ते पुरतं जागं होतं.

तिसरी आईच्या मनःस्थितीची (प्र. १४ पाहा).

चौथ्या वाटेकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि तीच बहुधा सर्वांत रुंद आहे: कामाच्या वेळा आणि घर. ऐनवेळी बदलणाऱ्या पाळ्या आणि रात्रपाळी कृष्णवर्णीय कामगारांच्या वाट्याला जास्त येतात. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर लाल रंगाने ‘कर्जाला धोकादायक’ ठरवलेल्या त्यांच्या वस्त्या आजही अनेक शहरांत जास्त तापलेल्या आहेत. तिथे ‘बाळाला रोज सात वाजता शांत, अंधाऱ्या, गार खोलीत झोपवा’ हा सल्ला सांगायला सोपा, पाळायला कठीण.

४. बाळाला नेमकी किती झोप लागते?

४ ते १२ महिने या वयात दिवसाच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास. ही अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ची शिफारस आहे. ४ महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी त्यांनी मुद्दामच आकडा दिलेला नाही, कारण त्या वयात बाळाबाळांत फार फरक असतो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिवस-रात्रीचं घड्याळच बसलेलं नसतं. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध लागतं, तेव्हा रात्री उठणं हा दोष नव्हे. चौथ्या महिन्याच्या सुमारास झोपेची घडण बदलते, आणि तोवर छान झोपणारं बाळही अचानक दर दोन तासांनी उठू लागतं. नेमक्या याच आठवड्यांत अनेक आया कामावर परत जातात. मग सगळं खापर कामावर जाण्यावर फोडलं जातं.

५. माझ्या बाळाची झोप खरंच कमी आहे की मीच थकले आहे, हे कसं ओळखू?

सलग तीन दिवस लिहून काढा. त्यात एक सुट्टीचा दिवस येऊ द्या. कागदावर चोवीस रकाने आखा, बाळ झोपलं ते तास काळे करा, दूध पाजलं तिथे टिंब द्या. मोबाइलवरच्या ॲपपेक्षा कागद बरा, कारण रात्री तीन वाजता पडद्याचा उजेड दोघांचीही झोप घालवतो.

मग तीन आकडे काढा: संध्याकाळी ७ ते सकाळी ७ मधली झोप, सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मधली झोप, आणि रात्रीत एकूण जागं राहण्याचा वेळ. संशोधनात वापरली जाणारी अवी सादेह यांची २००४ची छोटी प्रश्नावली हेच विचारते. तिच्यानुसार पाचव्या महिन्यानंतर यांपैकी एक जरी असेल तर झोप बिघडली असं समजतात: रात्री तीनपेक्षा जास्त वेळा उठणं, रात्रीत एकूण एक तासाहून जास्त जागं राहणं, किंवा दिवस-रात्र मिळून ९ तासांपेक्षा कमी झोप.

एक मेख आहे. न रडता जागं राहिलेलं बाळ आईला कळत नाही. म्हणून आईने सांगितलेली झोप बहुतेकदा खऱ्यापेक्षा थोडी जास्तच भरते. बाळाच्या घोट्याला हालचाल मोजणारा पट्टा बांधला की हे उघड होतं.

झोपेत घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं, पाचव्या दिवसानंतर दिवसाला ६ पेक्षा कमी ओले डायपर, किंवा ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) ताप असेल तर कागद बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

६. झोप सुधारण्यासाठी घरी करण्यासारखं काही सिद्ध झालेलं आहे का?

आहे. जॉर्जिया राज्यात पहिलटकरीण कृष्णवर्णीय मातांवर ‘स्लीप साफ’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. बाळ काही आठवड्यांचं असल्यापासून प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन शिकवायच्या. तुलनेच्या गटाला तितक्याच भेटी, पण विषय बाळाच्या सुरक्षिततेचा. १६ आठवड्यांच्या वयात शिकवलेल्या गटातली बाळं रात्री सरासरी ४० मिनिटं आणि चोवीस तासांत ७३ मिनिटं जास्त झोपत होती, असं आयांच्या नोंदींत दिसलं.

शिकवलेलं काही अवघड नव्हतं. घरी करायचं तर असं:

ठरावीक क्रम ठेवा, अर्ध्या तासात आटपणारा. अंघोळ किंवा अंग पुसणं, मालिश, दूध, अंगाई, दिवा बंद. जोडी मिंडेल यांच्या २००९च्या चाचणीत अंघोळ, मालिश आणि शांत वेळ एवढ्या तीनच पायऱ्या होत्या, आणि फरक पहिल्या काही रात्रींतच दिसू लागला. आपल्याकडे मालिश सकाळी करतात. ती तशीच राहू द्या, संध्याकाळी पाच मिनिटं नुसते पाय चोळले तरी पुरे.

दूध क्रमात शेवटी ठेवू नका. दूध आणि झोप यांच्यामध्ये अंगाई येऊ द्या, म्हणजे बाळाला तोंडात दूध असल्याशिवाय झोपच येत नाही असं होत नाही.

पेंगुळलेलं पण जागं असताना खाली ठेवा. पहिल्या दिवशी जमणार नाही. दिवसातल्या एका डुलकीपासून सुरुवात करा, बहुतेक बाळांना सकाळची पहिली सोपी जाते.

रात्री हुंकार ऐकू आला तर आधी थांबा, एक-दोन मिनिटं. मग छातीवर हात, मग थोपटणं, मग उचलणं, मग दूध. महिन्या-दीड महिन्याच्या बाळाला हा क्रम लावू नका. त्याला भूक लागलेली असते.

कुठे फसतं? झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी पुढे सरकत जाते तिथे. रात्रपाळी असेल तर घड्याळ सोडून द्या आणि क्रम धरा. वेळ बदलली तरी तोच क्रम, त्याच माणसांच्या हातून.

७. बाळाला कुठे आणि कशावर झोपवायचं?

पाठीवर, प्रत्येक वेळी, पहिलं वर्षभर. कडक सपाट गादीवर, जिचा उतार १० अंशांपेक्षा जास्त नाही. पाळण्यात बाळ आणि घट्ट बसवलेली चादर, बस्स. उशी, सुटं दुपटं, कडेच्या गाद्या, मऊ खेळणी काही नाही. खोली आई-वडिलांचीच, निदान ६ महिने. अंगावर मोठ्या माणसापेक्षा एकच थर जास्त. घरात सिगारेट नाही. या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२च्या सूचना आहेत.

बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंनी पालथं-उताणं होऊ लागलं की झोपेत पालथं झाल्यास परत फिरवायची गरज नाही, ठेवताना मात्र पाठीवरच ठेवा. पालथं व्हायचा प्रयत्न दिसला त्या दिवसापासून दुपट्यात गुंडाळणं बंद. वजन भरलेल्या गुंडाळ्या कोणत्याच वयात नकोत.

जुना पाळणा घेताना गजांमधलं अंतर मोजा, ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. बाजू खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत २०११ पासून आणि तिरकी झोपाळी व कडेच्या गाद्या २०२२ च्या कायद्याने बंद आहेत, पण जुन्या बाजारात अजून सापडतात.

सर्वांत धोक्याची जागा सोफा. बाळासह सोफ्यावर डोळा लागला तर झोपेतल्या मृत्यूचा धोका ६७ पटींपर्यंत वाढतो. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३,५०० बाळं झोपेत दगावतात, आणि कृष्णवर्णीय व मूळनिवासी बाळांत हे प्रमाण गोऱ्या बाळांच्या दुपटीहून जास्त आहे.

८. आई भारतातून आली आहे. ती राईची उशी घेऊन आलीय आणि झोळी बांधायची म्हणते.

राईची उशी झोपेत नको. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात. त्यासाठी जागेपणी पोटावर खेळवणं आणि एकेका रात्री डोक्याची दिशा बदलणं पुरतं. मागचा चपटेपणा बहुतेक बाळांत आपोआप जातो.

झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. समोर जागी बसून हलवत असाल तर गोष्ट वेगळी. पण डोळा लागला की सपाट जागी ठेवा.

आजींना ‘डॉक्टर नाही म्हणतात’ एवढंच सांगितलं की वाद होतो, कारण त्यांनी चार मुलं तशीच वाढवलेली असतात. त्यांना क्रमातला एक भाग पूर्णपणे सोपवा, मालिश आणि अंगाई. गुटी मात्र देऊ नये, आणि मध तर वर्षाच्या आत बोटाला लावूनही चाटवू नये.

९. बाळ कुशीत असल्याशिवाय मलाच झोप लागत नाही. एकत्र झोपणं इतकं वाईट आहे का?

अमेरिकन सूचना सरळ ‘नको’ म्हणतात. प्रत्यक्षात थकलेली आई पाजता पाजता झोपतेच. म्हणून त्याच सूचना असंही सांगतात की झोप लागण्याची शक्यता असेल तर सोफा किंवा आरामखुर्चीपेक्षा पलंगावर पाजा, उश्या-पांघरुणं आधीच दूर करा, आणि जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवा. दारू, झोपेची गोळी, सिगारेट, वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ, यांपैकी काहीही असेल तर हीही सवलत नाही.

या प्रश्नाचं सर्वांत समंजस उत्तर न्यूझीलंडच्या माओरी समाजाने शोधलं. बाळाला कुशीत घेऊन झोपणं ही त्यांची रीत, आणि तिच्यावरून सरकारी आरोग्यसेविका त्यांना वर्षानुवर्षं बोल लावत होत्या. २००६ च्या सुमारास डेव्हिड टिपेने-लीच आणि विणकर स्त्रियांनी हाराकेके या तागासारख्या पातींची सपाट टोपली पुढे आणली, तिचं नाव वहाकुरा. ती आई-वडिलांच्या पलंगावरच ठेवायची. बाळ हाताच्या अंतरावर, पण त्याची जागा वेगळी. २०१७ च्या चाचणीत ही टोपली वेगळ्या पाळण्याइतकीच सुरक्षित दिसली, आणि टोपलीच्या गटात सहाव्या महिन्यापर्यंत फक्त अंगावरचं दूध घेणारी बाळं जास्त निघाली.

घरची कपड्यांची टोपली म्हणजे वहाकुरा नव्हे. तिच्या कडा आणि तळ मऊ असतात.

१०. आम्ही तर भारतीय. शिकलेले, बरी नोकरी असलेले. हे सगळं आम्हाला कुठे लागू होतं?

कृष्णवर्णीय मातांइतकं नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावं. त्यांच्यामागे गुलामगिरी आणि कायदेशीर वेगळेपणाचा इतिहास आहे, आपल्या व्हिसाच्या रांगेशी त्याची बरोबरी होत नाही. पण ‘शिकलेले आहोत म्हणून सुटलो’ हेही खरं नाही. अमेरिकेत शिक्षण वाढल्याने कृष्णवर्णीय मातांचा धोका गोऱ्या मातांच्या पातळीवर येत नाही. २०२३ मध्ये दर लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ५०.३ होते, गोऱ्या मातांचे १४.५.

कारण वंशाच्या रक्तात नाही, हे डेव्हिड आणि कॉलिन्स या संशोधकांनी १९९७ मध्ये इलिनॉयच्या जन्मनोंदींतून दाखवलं. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांचं वजन अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीयांपेक्षा गोऱ्यांच्या बाळांच्या जास्त जवळ होतं.

११. पण आपल्याकडे मुलं उशिराच झोपतात. कमी झोपेचं कारण भेदभावच, हे कशावरून?

हा आक्षेप रास्त आहे. २०१० मध्ये १७ देश-प्रदेशांतल्या २९,२८७ लहान मुलांची तुलना झाली, त्यात भारतही होता. न्यूझीलंडमधली मुलं साडेसातच्या आसपास झोपत, हाँगकाँगमधली सव्वादहानंतर. आशियाई देशांत एकूण झोपही कमी होती. तिथे घरातल्या रीतीचा भाग मोठा आहे, आणि उशिरा झोपून उशिरा उठणाऱ्या बाळाला आजारी ठरवायचं कारण नाही.

म्हणूनच प्रोजेक्ट व्हिवासारख्या अभ्यासात गोऱ्या आणि गोऱ्या नसलेल्या आयांची आपसात तुलना केलेली नाही. गोऱ्या नसलेल्या आयांमध्येच कमी सोसलेल्या आणि जास्त सोसलेल्या, अशी तुलना आहे. तरीही हा निरीक्षणाचा अभ्यास आहे आणि झोप आईने सांगितलेली आहे. त्यातून संबंध दिसतो, एखाद्या घरातल्या एखाद्या रात्रीचं कारण सिद्ध होत नाही. तुमचं बाळ काल का उठलं, हे त्यातून कळणार नाही. दात येत असतील.

१२. दवाखान्यात माझं कुणी मनावर घेत नाही. ‘सगळी बाळं रडतात’ म्हणून घरी पाठवतात.

प्र. ५ मधला कागद घेऊन जा. ‘झोपत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘तीन रात्री सरासरी सहा वेळा उठलं, एकूण दोन तास जागं होतं’ हे टाळणं कठीण जातं. भेटीच्या सुरुवातीलाच म्हणा, ‘मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत’, आणि तिन्ही लिहून न्या. सोबतच्या माणसाकडे फक्त नोंद घेण्याचं काम द्या.

तपासणी नाकारली तर शांतपणे सांगा: ‘मी ही तपासणी मागितली होती आणि ती का नको, हे माझ्या नोंदीत लिहा.’ एवढ्या वाक्याने बऱ्याचदा काम होतं. नंतर रुग्णांच्या पोर्टलवर खरंच लिहिलंय का ते पाहा.

दुभाषा फुकट मिळणं हा तुमचा हक्क आहे, फोनवरून का होईना. आजींना इंग्रजी येत नाही म्हणून तुम्हीच प्रसूतीच्या खाटेवरून भाषांतर करायची गरज नाही.

भेदभाव झालाच, तर आधी रुग्णालयातल्या रुग्णप्रतिनिधीकडे लेखी तक्रार. तिथे दाद लागली नाही तर केंद्रीय आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांच्या आत. आधार १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सहावा भाग. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवलेलं असेल तर तक्रार उभी राहते.

१३. मला बाळंतपणानंतर लवकर कामावर जावं लागतंय. कायद्याने काय मिळतं?

केंद्रीय पातळीवर पगारी रजा नाही. १९९३ च्या कायद्याने १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, पण कंपनीत ७५ मैलांच्या परिसरात ५० कर्मचारी, तुमची १२ महिन्यांची नोकरी आणि त्यातले १,२५० तास काम, या तिन्ही अटी हव्यात. काही राज्यांत याहून बरं आहे, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी त्यांत येतात.

डिसेंबर २०२२ च्या कायद्याने बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दूध काढायला लागेल तेव्हा वेळ आणि बंद जागा देणं बंधनकारक आहे. स्वच्छतागृह चालत नाही. ५० पेक्षा कमी माणसांच्या कंपनीला फार अडचण दाखवता आली तर सूट मिळू शकते, आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांना हा कायदा लागू नाही. हे हक्क व्हिसावर अवलंबून नाहीत.

काढलेलं दूध खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीजरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम. बाटलीवर तारखेसोबत वेळही लिहा. आईच्या दुधात झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन रात्री असतं, दिवसा जवळजवळ नसतं. रात्री काढलेलं रात्रीच पाजता आलं तर बरं, नाही जमलं तर दूध फेकू नका.

१४. बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही. छातीत धडधडतं.

बाळ झोपलेलं असताना, हाताशी वेळ असताना, झोप न येणं ही नुसत्या थकव्याची खूण नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी एडिनबरो प्रश्नावली मागा. १० प्रश्न, ३० पैकी गुण. १० किंवा जास्त आले तर पुढे बोलायला हवं, १३ च्या वर असतील तर उशीर करू नये. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ सोडून काहीही असेल, तर एकूण गुण न बघता त्याच दिवशी मदत घ्या.

अमेरिकेत मातांसाठीची केंद्रीय मदतवाहिनी १-८३३-८५२-६२६२ दिवस-रात्र चालू असते. दुभाषाही मिळतो.

भेदभाव परक्यांनीच करावा लागतो असं नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५२ पैकी ५९ आयांना बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची कारणं होती. ‘सावळीच झाली गं’ म्हणत बाळ हातात घेणारी आत्या याच यादीत बसते.

१५. पायमोज्यासारखं ऑक्सिजन मोजणारं यंत्र घेतलं तर निर्धास्त झोपता येईल?

नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की झोपेतले मृत्यू टाळायला अशा यंत्रांवर विसंबू नये, आणि खोट्या भोंग्यांनी आईची उरलीसुरली झोपही जाते.

सावळ्या त्वचेच्या बाळांसाठी आणखी एक अडचण आहे. ही यंत्रं प्रकाशावर चालतात, आणि त्वचेतलं रंगद्रव्य तो प्रकाश शोषतं. २०२० मध्ये प्रौढ रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं की यंत्र ‘ठीक’ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट होतं. शंका आली तर जीभ, हिरड्या आणि ओठांची आतली बाजू बघा, तिथे निळसरपणा कोणत्याही रंगाच्या बाळात दिसतो. कावीळ बघायची तर डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या, दिवसाच्या उजेडात.

१६. माझ्याशी प्रत्यक्ष काही घडलं नाही. फक्त बातम्या ऐकून भीती वाटते. तीही मोजायची का?

हो. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सहा महिन्यांत कॅलिफोर्नियात अरबी नावांच्या स्त्रियांना कमी वजनाची बाळं होण्याचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा वाढलं, इतर स्त्रियांत नाही. मे २००८ मध्ये आयोवातल्या पोस्टव्हिल गावी मांस-कारखान्यावर स्थलांतर खात्याचा छापा पडला. त्यानंतर राज्यभरातल्या लॅटिना मातांमध्ये हा धोका २४ टक्क्यांनी वाढला, अमेरिकेतच जन्मलेल्या आणि ज्यांची हद्दपारी होऊच शकत नव्हती त्यांच्यातही.

बातम्या बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, काहींना माहिती असणंच गरजेचं असतं. पण रात्रीच्या दुधाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

१७. माझ्याशी भेदभाव गोऱ्यांनी नव्हे, आपल्याच लोकांनी जातीवरून केला. त्याला इथे काही दाद आहे?

सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला स्पष्ट बंदी केली. कॅलिफोर्नियाचं तसं विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी नाकारलं. इतरत्र वकील वंश, धर्म किंवा मूळ देश या जुन्या कलमांखाली तक्रार बसवतात. नोकरीतल्या तक्रारीची मुदत १८० दिवस, ज्या राज्यात स्वतःचं मंडळ आहे तिथे ३००. डॉक्टरांना सांगताना जातीची व्याख्या समजावत बसू नका. ‘कामावर माझा जन्मावरून छळ होतो आणि त्याने मला झोप लागत नाही’ एवढं नोंदीत लिहून घ्या.

१८. गरोदरपणात मी खूप सोसलं. बाळाचं कायमचं नुकसान झालं असेल का?

अशा निष्कर्षाला आधार नाही. प्र. १ मधला फरक सरासरीतला आहे, तोही सहाव्या महिन्यानंतर कमी होत गेलेला. आणि प्र. ६ मधली बाळं ज्या मातांची होती, त्याही त्याच जगात राहत होत्या. तरी त्यांची झोप वाढली. आईने ‘जास्त खंबीर’ व्हावं हा यावरचा उपाय नव्हे. पाळीचं वेळापत्रक दोन आठवडे आधी कळणं आणि दवाखान्यात पहिल्याच खेपेला ऐकून घेतलं जाणं, याने जास्त फरक पडेल.

१९. आमचं बाळ आठ आठवडे आधी झालं. वरची वयं त्याला कशी लावायची?

दुरुस्त वय धरा: जन्मापासूनच्या आठवड्यांतून जितके आठवडे आधी झालं ते वजा. २४ आठवड्यांचं बाळ झोपेच्या दृष्टीने १६ आठवड्यांचं. प्र. ४ मधला १२ ते १६ तासांचा आकडा आणि प्र. ५ मधले निकष या वयाने लावा. लसी मात्र जन्मतारखेनेच.

प्रश्न दुर्मीळ नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांमध्ये वेळेआधी बाळंतपणाचं प्रमाण गोऱ्या मातांच्या सुमारे दीडपट आहे. नवजात अतिदक्षता विभागात श्वासासाठी अशा बाळांना पालथं झोपवतात, पण तिथे यंत्रं आणि नर्स चोवीस तास असतात. आई-वडील ते पाहतात आणि घरी तसंच करतात. घरी पहिल्या रात्रीपासून पाठीवरच. रुग्णालयातून निघण्यापूर्वी विचारा की बाळ तिथे पाठीवर झोपायला लागून किती दिवस झाले. उत्तर ‘कालपासून’ असेल, तर आणखी एक-दोन रात्री तिथेच सराव करून घेता येईल का ते विचारा.